टाहोकाठचं उखळ

लेकीनं मला लेकवर नेलं, असं मी आमच्या भिशीत सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. पण गोष्ट खरी आहे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी कॅलिफोर्नियात लेकीकडं होते, आणि तिनं चार दिवसांसाठी एक आर.व्ही. भाड्यानं घेतली. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. आत दोन शेगड्यांचा ओटा, लहानसा फ्रिज, बिछाने, न्हाणीघर, सगळं एका गाडीत. ती गाडी घेऊन आम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडून सुमारे तीनशे किलोमीटरवर, सिएरा नेवाडा डोंगरातल्या टाहो नावाच्या तळ्याकाठी गेलो.

टाहो. आपल्या भाषेत टाहो फोडतात. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं, आणि एवढ्या सुंदर तळ्याला असलं नाव कसं, असं वाटलं. पुढं जे कळत गेलं त्यानंतर मात्र ते नाव मला फारसं विसंगत वाटेना.

आम्ही उतरलो ती जागा तळ्याच्या पूर्व काठावर, नेवाडा राज्याच्या हद्दीत होती. नेवाडा बीच तिचं नाव. वनखात्याचं कॅम्पग्राउंड. उंच पाइनच्या झाडांमधून वळणारा एकेरी रस्ता, त्याला फुटलेले छोटे फाटे, प्रत्येक फाट्याला नंबर. नंबराच्या जागेत गाडी लावायची, शेजारी लाकडी टेबल-बाक, आणि जाळ करायला लोखंडी कडं. आजूबाजूला आमच्यासारखीच घरं थाटलेली. कुणाची बसएवढी गाडी, कुणाचा साधा तंबू. बायका पोळ्या... म्हणजे त्यांच्या पॅनकेक भाजत होत्या आणि पुरुष जाळाभोवती खुर्च्या टाकून बसले होते. मी आत थालीपिठं थापत होते. चाकांवरच्या घरातही ओटा कुणाच्या वाट्याला येतो ते बघून मला घरच्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेऊन फिरायला निघाले. कॅम्पग्राउंडच्या मागंच एक कुरण आहे, त्यातून ओढा वाहतो. पायवाटेच्या कडेला ग्रॅनाइटचे मोठाले खडक. एका खडकात गोल, गुळगुळीत खळगे दिसले. नात म्हणाली, ‘‘आज्जी, हे कुणी केलं?’’

मला विचार करावाच लागला नाही. ‘‘उखळ आहे गं,’’ म्हटलं.

फलक नंतर वाचला. त्या वाटेचं नावच ‘लाम वाता’. वाशो लोकांच्या भाषेत लाम म्हणजे उखळ आणि वाता म्हणजे ओढा. उखळाचा ओढा! सात समुद्रांपलीकडं एका खडकातला खळगा बघून बेळगावच्या बाईनं जे नाव उच्चारलं, तेच त्या जागेचं नाव होतं. नात तर एक गोटा उचलून कांडायलाच निघाली होती. लेकीनं तिचा हात धरला. ‘‘हात लावू नको. ते कुणाचं तरी आहे.’’

कुणाचं? त्या चार दिवसांत आणि घरी आल्यावर मिळेल ते वाचून जे हाती लागलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण त्या तळ्याची माहिती देणाऱ्या रंगीत कागदांवर बोटी असतात, बर्फावरचे खेळ असतात, आर.व्ही. पार्कचे दर असतात. ते खळगे पाडणाऱ्या बायका क्वचितच असतात.

टाहो समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. लांबी ३५ किलोमीटर, रुंदी १९, आणि सर्वांत खोल जागी ५०१ मीटर. अमेरिकेत त्याहून खोल तळं एकच, ओरेगनमधलं क्रेटर लेक. त्रेसष्ट ओढे-नद्या त्यात येऊन मिळतात आणि बाहेर पडते एकटी ट्रकी नदी. तीही समुद्राला जात नाही. नेवाडाच्या वाळवंटातल्या पिरॅमिड लेकमध्ये जाऊन संपते. तळ्याचा एक भाग कॅलिफोर्नियात, एक नेवाडात. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे लगेच कळतं. पाण्याला काही ठाऊक नसतं, रेघ माणसंच मारतात.

वाशो लोकांच्या दृष्टीनं हे तळं जगाच्या मध्यभागी. हजारो वर्षं त्यांचा वर्षाचा फेरा ठरलेला होता. हिवाळा पूर्वेकडच्या सखल खोऱ्यांत काढायचा. बर्फ वितळू लागलं की आधी तरुण मंडळी मासे धरायला तळ्याकडं चढायची, मग म्हातारी माणसं, पोरंबाळं, सगळीच यायची. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठी कुटुंबांचे तळ पडायचे. कुठल्या ओढ्यावर कुठल्या घराण्याचा तळ, हे ठरलेलं असायचं. उन्हाळाभर मासे, कंद, बिया, बेरी गोळा करायच्या, वाळवायच्या. शरद ऋतूत पूर्वेच्या डोंगरात जाऊन पाइनच्या शंकूंतल्या बिया झोडायच्या. त्या बियांच्या पिठावर हिवाळा निघायचा.

म्हणजे उन्हाळ्यात टाहोकाठी कॅम्पिंगला येण्याची रीत आर.व्ही.वाल्यांनी काढलेली नाही. तो रिवाज तिथं फार जुना आहे.

या सगळ्या खाण्यामागचा खटाटोप बायकांचा. बिया कांडणं, दळणं, वाळवण घालणं. भांडी मातीची किंवा धातूची नव्हती. विलोच्या फांद्या चिरून, त्यांचे दोरे काढून, पाणी गळणार नाही इतकी घट्ट टोपली विणायची. त्यात पीठ कालवायचं आणि विस्तवात तापवलेले दगड एकेक करून सोडायचे, की पेज शिजायची. टोपली हलकी, पाठीवरून नेता यायची. उखळ मात्र उचलून नेता येत नाही. म्हणून ते खडकातच असायचं. दर उन्हाळ्याला परत त्याच खडकाशी यायचं, आणि खळगा आणखी थोडा खोल व्हायचा. आई कांडायची तिथंच लेक कांडायची. सातबारा नसलेल्या लोकांचा तो सातबाराच म्हणायचा. पण तो वाचणारं कुणी नव्हतं.

१४ फेब्रुवारी १८४४ रोजी जॉन फ्रेमाँट हा अमेरिकी लष्करातला मोजणी अधिकारी बर्फातून एका शिखरावर चढला आणि त्याला दूरवर हे तळं दिसलं. पुस्तकांत त्या दिवशी टाहो ‘सापडलं’. मग नावं बदलत गेली. फ्रेमाँटनं एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाचं नाव दिलं, बाँप्लाँ. पुढं कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरच्या नावानं बिगलर झालं. टाहो हे नाव ज्या शब्दावरून आलं तो वाशो भाषेतला ‘दाआव’, त्याचा अर्थ तळं, एवढाच. गोऱ्या माणसांच्या जिभेवर तो टाहो झाला. लोक टाहो म्हणत राहिले तरी कागदोपत्री बिगलर जाऊन टाहो यायला १९४५ साल उजाडलं. गावाच्या नावावरून काय काय होतं, ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

नावापेक्षा मोठा घाव १८५९ मध्ये बसला. तळ्याच्या पूर्वेला, डोंगरापलीकडं, व्हर्जिनिया सिटीजवळ चांदी सापडली. कॉमस्टॉकची खाण. तिथली जमीन ठिसूळ, खोल खणलं की ढासळायची. १८६० मध्ये फिलिप डायडेशायमर नावाच्या अभियंत्यानं युक्ती काढली. जाड ओंडक्यांच्या चौकोनी चौकटी एकीवर एक रचायच्या आणि त्यांच्या आधारानं खणत जायचं. खाण सावरली. पण त्या चौकटींना लागणारं लाकूड आणायचं कुठून? टाहोच्या काठावरून. ड्युएन ब्लिस आणि त्याच्या भागीदारांनी १८७३ मध्ये कंपनी काढली. आमच्या कॅम्पग्राउंडच्या उत्तरेला, त्याच काठावर, ग्लेनब्रुक इथं त्यांच्या लाकडाच्या गिरण्या होत्या. तळ्यातून ओंडके ओढून आणायचे, चिरायचे, रेल्वेनं खिंडीत चढवायचे आणि पाण्याच्या लाकडी पन्हाळातून पलीकडच्या खोऱ्यात सोडून द्यायचे. चांदी संपेपर्यंत तळ्याभोवतीचं बहुतेक जंगल कापून झालं होतं. आज ज्या पाइनच्या सावलीत आर.व्ही. लावून लोक ‘अस्पर्शित निसर्ग’ म्हणून फोटो काढतात, ती झाडं बरीचशी त्यानंतर वाढलेली. जंगलाची ही दुसरी पिढी आहे.

तळ्याकाठी हौसेनं तंबू ठोकणाऱ्या गोऱ्या प्रवाशांपैकी सर्वांत प्रसिद्ध मार्क ट्वेन. १८६१ मध्ये तो मित्राबरोबर तिथं लाकडाची जागा पटकवायला आला. एके दिवशी स्वयंपाकासाठी जाळ केला, लक्ष दुसरीकडं गेलं, आणि डोंगरच पेटला. हे त्यानं स्वतःच ‘रफिंग इट’ या पुस्तकात रंगवून सांगितलं आहे. लोखंडी कड्याबाहेर जाळ करायला कॅम्पग्राउंडवाले का सोडत नाहीत, ते मला हे वाचल्यावर पटलं.

माशांचंही तेच. तळ्यातला मूळचा कटथ्रोट ट्राउट जाळ्यांनी उपसून गाड्या भरभरून शहरांत जाऊ लागला. बाहेरून आणलेले मासे तळ्यात सोडले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस टाहोतून तो मूळचा मासा नाहीसा झाला होता.

वाशो कुटुंबं मात्र उन्हाळ्यात येतच राहिली. जाणार कुठं? ओढ्याकाठच्या त्यांच्या जागांवर आता कुरणांचे मालक होते, गिरण्या होत्या, पुढं श्रीमंतांची हॉटेलं झाली. १८८७ च्या कायद्यानं सरकारनं आदिवासींना जमिनीचे तुकडे वाटले. वाशोंना ते पूर्वेच्या कोरड्या डोंगरात मिळाले, तळ्याकाठी नाही. तेव्हा तळ्याकाठी यायचं तर एकच वाट उरली, कामाला यायचं. पुरुष लाकडं तोडत, मासेमारीला आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवत. बायका हॉटेलात, बंगल्यांत कपडे धूत, भांडी घाशीत, आणि फावल्या वेळात विणलेल्या टोपल्या पाहुण्यांना विकत. ज्या काठावर आई-आजी कांडायला बसायची, त्याच काठावर दुसऱ्यांच्या चादरी धुवायच्या. मोलकरणीच्या दारानं आपल्याच घरात शिरायचं.

त्यातल्याच एकीचं नाव जगाला माहीत झालं. दात सो ला ली, इंग्रजी नाव लुइझा कायझर. कार्सन सिटीतल्या एब कोन नावाच्या कापड-दुकानदाराकडं ती धुणं धुवायची. तिच्या टोपल्या बघून कोन पती-पत्नी चकित झाले. १८९५ पासून त्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला घर, अन्न, औषधपाणी द्यायचं ठरवलं आणि बदल्यात ती विणेल ती टोपली त्यांची. उन्हाळ्यात टाहो सिटीत त्यांचं दुकान असे. तिथं पाहुण्यांसमोर ती विणत बसे. पांढऱ्या विलोवर तांबडा रेडबडचा आणि काळा नेच्याच्या मुळाचा दोरा. बुडाशी लहान, पोटाशी फुगीर, तोंडाशी पुन्हा मिटलेली टोपली. एकेका टोपलीला महिनेच्या महिने लागत. आज त्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

पण तिची गोष्ट? ती सांगितली दुकानदाराच्या बायकोनं. एमी कोननं टोपल्यांची वही ठेवली, हे तिचे उपकारच. त्या वहीमुळं कुठली टोपली कधीची ते आज कळतं. पण गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून तिनं लुइझाभोवती राजघराण्याच्या आणि गूढ खुणांच्या कहाण्याही रचल्या. अभ्यासकांना नंतर त्या एकेक करून बाजूला काढाव्या लागल्या. १९२५ च्या डिसेंबरात लुइझा वारली. स्वतःबद्दल तिनं लिहून ठेवलेलं काही नाही. आहेत त्या टोपल्या. त्यांचे टाके मोजता येतात, त्यांच्यात खोटं नाही.

एव्हाना मोटारी आल्या होत्या. १९१० मध्ये पियर्स-ॲरो कंपनीनं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली, तिची मागची बैठक उलगडली की पलंग होई. आर.व्ही.ची पणजीच ती. १९१३ मध्ये आखलेल्या लिंकन हायवेचे दोन फाटे टाहोच्या उत्तरेनं आणि दक्षिणेनं गेले. १९१९ मध्ये फ्लोरिडात मोटारीनं भटकणाऱ्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचा संघच काढला. डब्यातलं अन्न खायचं आणि गाडीत झोपायचं, ही त्यांची चाल. ज्यांना हॉटेलं परवडत नव्हती ती घरंही आता डोंगरात, तळ्याकाठी जाऊ शकत होती. हे चांगलंच झालं.

पण मोटारी वाटेल तिथं शिरू लागल्या. झाडाखाली गाडी, झाडाखाली चूल. काही वर्षांत झाडं वाळायला लागली. का, ते शोधलं एमिलिओ माइनेके या वनखात्यातल्या वनस्पतींच्या डॉक्टरनं. गाड्यांच्या आणि पावलांच्या वजनानं माती दबते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, झाड हळूहळू मरतं. त्यानं १९३२ मध्ये कॅम्पग्राउंड कसं असावं याचा आराखडा मांडला. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फाटे, फाट्यावरच गाडी, टेबल आणि चूल जागची हलणार नाही अशी, आणि गाडीनं हद्द ओलांडू नये म्हणून कडेला दगड. १९३३ पासून महामंदीतल्या बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी देशभर या धर्तीवर कॅम्पग्राउंडं बांधली. मी नेवाडा बीचवर बघितलेला नंबराचा फाटा, न हलणारं टेबल, लोखंडी कडं, सगळं या एका माणसाच्या विचारातून आलेलं. १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये के.ओ.ए. ही खासगी कॅम्पग्राउंडची साखळी सुरू झाली, १९६६ पासून विनेबागोचा कारखाना मोठ्या प्रमाणावर चाकांवरची घरं बनवू लागला, आणि वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडण्या असलेले आर.व्ही. पार्क जागोजागी झाले. आमच्या जागेच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर झेफर कोव्हला तसा एक आहे.

सांडपाण्यावरून आठवलं. आर.व्ही.त धुण्या-न्हाण्याचं पाणी एका टाकीत आणि संडासाचं दुसऱ्या टाकीत साठतं. ते ठरलेल्या जागीच ओतायचं. जावईबापू हातमोजे घालून ते काम करत होते, तेव्हा त्यांनी सांगितलं की टाहोच्या खोऱ्यातलं सांडपाणी, शुद्ध केलेलंसुद्धा, तळ्यात जाऊ देत नाहीत. सगळं डोंगरापलीकडं पंपानं नेतात. १९६० च्या ऑलिम्पिकनंतर तिथं वस्ती आणि पाहुणे इतके वाढले की निळं तळं हिरवं होण्याची भीती उभी राहिली, तेव्हा हे करावं लागलं. १९६८ पासून शास्त्रज्ञ तळ्यात एक पांढरी थाळी सोडतात आणि ती किती खोल जाईपर्यंत दिसते ते मोजतात. तेव्हा थाळी ३१ मीटरपर्यंत दिसे, आता ती वीस मीटरच्या आसपास दिसेनाशी होते. रस्त्यांवरची बारीक धूळ हे त्याचं एक मोठं कारण. हजारो वर्षं दर उन्हाळ्याला माणसं येऊन राहिली, खाल्लं-प्यालं, गेली, तेव्हा तळं निर्मळ होतं. ते गढूळ व्हायला दीडशे वर्षं पुरली.

वाशो लोक गप्प बसले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी सरकारच्या दावा-आयोगाकडं आपल्या भूमीचा दावा लावला. निकाल लागला १९७० मध्ये, पन्नास लाख डॉलरच्या आसपास पैसे. जमीन नाही. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन तळ्याच्या प्रश्नावर बैठकीला टाहोला आले, त्यांच्यापुढं वाशोंनी म्हणणं मांडलं. पुढल्या वर्षी तळ्याच्या पश्चिम काठावरच्या मीक्स बेचं रिसॉर्ट चालवायचं काम वाशो जमातीकडं आलं. खोल्या, बोटी, आणि होय, कॅम्पग्राउंडही. ज्यांना काठावरून हलवलं होतं, ते आता पाहुण्यांना जागेचा नंबर देत होते. शेजारच्या कुरणात औषधी आणि विणायच्या वनस्पती पुन्हा वाढाव्यात म्हणून त्यांचं काम चालू आहे. पूर्व काठावरची केव्ह रॉक ही त्यांची पवित्र शिळा. १९३१ आणि १९५७ मध्ये रस्त्यासाठी तिच्यातून दोन बोगदे पाडले गेले होते. तिच्यावर गिर्यारोहण करायला बंदी आली, आणि २००७ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं ती कायम ठेवली. ऑलिम्पिक झालेल्या त्या रिसॉर्टच्या नावात तिथल्या आदिवासी बाईला हिणवणारा शब्द होता. तो २०२१ मध्ये गेला. पुढल्या वर्षी देशभरातल्या साडेसहाशेच्या आसपास जागांच्या नावांतूनही तो काढला. साठ वर्षं जग ते नाव खेळाच्या बातम्यांत वाचत होतं आणि कुणाला त्यात बाई दिसली नव्हती.

मलाही कुठं दिसतात सगळ्या बाया? आमच्या जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात दगडी उखळ पुरलेलं होतं. सासूबाईंच्या सासूबाईंच्याही आधीपासूनचं. घरात लग्न निघालं की सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधून त्यात हळद कांडायच्या. पंधरा वर्षांपूर्वी घराचं काम काढलं तेव्हा गवंड्यानं विचारलं, ‘‘वहिनी, ह्याचं काय करायचं?’’ मिक्सर होता, फ्रिजला जागा हवी होती. मी म्हटलं, ‘‘वाळू भरा आणि फरशी घाला.’’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळचं जेवण मात्र त्यांनी त्या कोपऱ्याशी बसून केलं. तेव्हा मला वाटलं, तिथं गार लागत असेल.

त्यांचं नाव, त्यांच्या सासूचं नाव मला ठाऊक आहे. तिच्याही आधीच्या बाईचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. वंशावळीत पुरुषांचीच नावं आहेत. ती बाई होती याचा पुरावा म्हणजे तो खळगा, आणि त्याच्यावर मी फ्रिज ठेवला.

टाहोहून निघायच्या दिवशी नातीला घेऊन पुन्हा त्या खडकाशी गेले. रात्री पाऊस झाला होता. खळग्यांत पाणी साठलं होतं आणि एक पक्षी पीत होता. आम्ही लांबच उभ्या राहिलो. नातीनं विचारलं, ‘‘आज्जी, तुझ्या घरी आहे का असं?’’

‘‘आहे,’’ म्हटलं. ‘‘झाकलंय.’’

ती पुढल्या सुट्टीत बेळगावला येणार आहे. गवंड्याला सांगून ठेवलंय. आधी फ्रिज हलवायचा आहे.